कॉम्प्युटरला अ‍ॅम्प्लिफायरवाले स्पीकर: कुठले घ्यावेत आणि नेमके कसे जोडावेत?

पानगळ (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी,
बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतेच. दिवसभराचं काम कॉम्प्युटरवर आणि काम करता करता गाणं हे लागतंच. इतकी वर्षं मॉनिटरच्या आतलेच स्पीकर वापरले. परवा मैत्रिणीच्या टेबलावर दोन चांगल्या स्पीकरांवर एक ओळखीचा ख्याल ऐकला आणि मागे तंबोरा चालूय हे मला पहिल्यांदा ऐकू आलं. शेकडो वेळा ऐकलेलं रेकॉर्डिंग आहे हो ते! तेव्हापासून चैन नाही.
तर डेस्कटॉप आहे, मागे हेडफोन-स्पीकर लावायचं हिरवं भोक आहे, यूएसबी आहेत, ब्लूटूथ पण आहे. टेबल भिंतीला चिकटून, मी बसते हातभर अंतरावर. स्पीकरच्या आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले घ्यायचेत कारण वेगळा डबा ठेवायला जागा नाही. वॅट बघायचे की इंच बघायचे? आणि जोडायचं कशाने? जाणकारांनी सांगावं.

खटपट्या
आधी एक फरक लक्षात घ्या, पुढे उपयोगी पडेल. पॉवर्ड म्हणून जे मिळतात त्यात साधारण दोन जाती. एकीत सगळा अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात असतो, दुसरा डबा मुका, त्याला पहिल्याकडून दोन तारा जातात. दुसरीत दोन्ही डबे स्वतंत्र, प्रत्येकाला आपली वीज आणि आपला सिग्नल लागतो. या दुसऱ्यांत बऱ्याचदा मोठ्या कोनला (खर्ज वाजवणारा पडदा) एक आणि ट्वीटरला (तीव्र सूर वाजवणारा छोटा) एक असे वेगळे अ‍ॅम्प्लिफायर असतात, म्हणजे आवाजाची खर्ज-तीव्र वाटणी अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच होते. त्यांना खऱ्या अर्थाने अ‍ॅक्टिव्ह म्हणतात. टेबलासाठी दोन्ही चालतात, पण जोडायची पद्धत वेगळी.

दणदणाट
वॅट बघा. कमी वॅटचे घेतले की पस्तावता. १०० च्या खाली जाऊच नका.

एकतारी
@दणदणाट, हातभर अंतरावर बसून १०० वॅट कशाला? हिशेब करून बघा. समजा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८५ डेसिबल देतो. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. १० वॅट दिले की ९५, आणि ९५ ला टेबलाशी बसून तासभर काम करणं कानाला बरं नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी मर्यादा सांगते. म्हणजे पानगळताईंना रोजच्या ऐकण्याला एखाद-दुसरा वॅटसुद्धा पुरतो, बाकीचे अचानक येणाऱ्या ठोक्यांसाठी हाताशी असावेत एवढंच.
शिवाय खोक्यावरचे वॅट कुठले तेही बघावं लागतं. आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे वॅट, लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ. पूर्वी टेपरेकॉर्डरवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल वॅटचे, हजारोंचे आकडे असायचे, ते कशाचेच नसायचे.
इंच बघा ताई. कोन ३ इंचाचा असेल तर तबल्याचा बाया नुसता 'टप्' वाजतो, घुमारा येत नाही. ४ ते ५ इंच टेबलाला मस्त. ८ इंची घेऊन भिंतीला टेकवलात तर सगळी खोली घुमत बसेल.

दणदणाट
८५ चं गणित पटलं. पण मी मित्रमंडळी जमली की लावतो तेव्हा वॅट लागतातच, ते अंतर मोठं असतं.

एकतारी
तिथे तुमचंच बरोबर. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर ६ डेसिबल जातात, खोलीत त्याहून कमी, पण जातात. हा धागा टेबलाचा आहे म्हणून बोलले.

भिंगरी
ब्लूटूथच लावा की, वायरींचा गुंता नको. मी तेच वापरते, काही अडत नाही.

मंद्रसप्तक
गाणी ऐकायला अडत नाहीच. पण ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून पॅक करतात, पाठवतात, तिकडे उलगडतात, यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. सिनेमा बघताना बरेच प्लेअर चित्र तेवढंच थांबवून घेतात म्हणून कळत नाही, पण गेम खेळा किंवा मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरकडून सूर काढणारी पट्ट्यांची पेटी) लावून वाजवा, पट्टी दाबल्यावर सूर मागाहून येतो आणि हात अडखळतात. टेबलावर स्पीकर कॉम्प्युटरपासून दीड हातावर असताना हवेतून कशाला पाठवायचं? वायरच लावा.

भिंगरी
मिडीचं माहीत नव्हतं. माझा लेक कीबोर्ड शिकतोय आणि तक्रार करतो की "उशिरा वाजतंय", मी त्यालाच रागवत होते. आज वायर लावून बघते.

खटपट्या
नक्की बघा, आणि इथे कळवा.

काजळमाया
यूएसबीवाले घ्या. त्यात डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा डॅक स्पीकरातच असतो, मदरबोर्डवरच्या साऊंड कार्डाची खरखर मुळात येतच नाही. हिरव्या भोकात लावलं की माझ्याकडे माऊस हलवला तरी स्पीकरातून बारीक किरकिर यायची. खरंच, पान वर-खाली केलं की त्या चालीवर किरकिर! यूएसबीने ती गेली.

तारयंत्र
काजळमाया, तुमच्याकडे गेली हे चांगलं झालं, पण यूएसबीने जातेच असं नाही. यूएसबीच्या वायरीतही ग्राउंडची तार असते. कॉम्प्युटर आणि स्पीकर दोघांनाही अर्थिंगची पिन असेल तर दोन्ही ग्राउंड एकदा भिंतीतून जोडले जातात आणि एकदा सिग्नलच्या वायरीतून. झाला फेरा पूर्ण. त्या फेऱ्यातून जो करंट फिरतो तो आवाजात मिसळतो. वीज ५० हर्ट्झची असेल तर ५० आणि १०० ची घूंऽऽ, ६० ची असेल तर ६० आणि १२० ची.
ओळखायचं कसं: स्पीकर चालू ठेवा, वायर कॉम्प्युटरच्या बाजूने काढा आणि प्लग कशालाही टेकू न देता लोंबता सोडा. घूं बंद झाली तर दोष फेऱ्याचा. लॅपटॉप असेल तर आणखी सोपं, चार्जर काढून बॅटरीवर चालवा आणि ऐका.
पहिला उपाय फुकटचा आहे, दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावा. बऱ्याच वेळा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर सिग्नलच्या वायरीमध्ये ग्राउंडची जोडणी तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर येतो, पण हलक्यातला घेतला तर खर्ज खाऊन टाकतो. सगळ्यात पक्का उपाय ऑप्टिकल. १९८३ मध्ये तोशिबाने आणलेली टॉसलिंक वायर, तिच्यातून नुसता प्रकाश जातो, तांबं नाहीच, मग फेरा होणार कसा? मदरबोर्डावर आणि स्पीकरवर ते चौकोनी भोक असेल तर डोळे मिटून तेच वापरा.

रानवारा
सोपा उपाय सांगू? स्पीकरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. घूं लगेच गायब. मी केलंय.

तारयंत्र
रानवारा, कृपा करून असं करू नका आणि दुसऱ्याला सांगूही नका. ती पिन आवाजासाठी नाहीये. आत एखादी तार सुटून धातूच्या पॅनेलला लागली तर करंट त्या पिनेतून निघून जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी पडतो. पिन काढली की तोच करंट पॅनेलवर थांबून राहतो, पहिला हात लावणाऱ्याची वाट बघत. आज रात्रीच ती पिन परत बसवा, मनापासून सांगतोय.

खटपट्या
तारयंत्रांना शंभर टक्के अनुमोदन.

रानवारा
घरात लहान मूल आहे, हे डोक्यात आलंच नव्हतं. प्लगच बदलतो.

कोरा_कागद
फोन जवळ ठेवला की स्पीकरमधून तडतड-तडतड-तड यायची आणि मग फोन वाजायचा, ते का? आता ऐकू येत नाही तसं.

तारयंत्र
ते टू-जी फोनचं. फोन सलग न बोलता सेकंदाला २१७ वेळा तुकड्या-तुकड्यांनी प्रक्षेपण करायचा. ती लय आपल्या ऐकण्याच्या पट्ट्यात येते आणि स्पीकरची वायर अँटेनाचं काम करते. नंतरच्या फोनांची पद्धत वेगळी, म्हणून कमी झालं.

मंद्रसप्तक
पानगळ, जागेचं कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो, कारण माझ्या अनुभवात निम्मा आवाज स्पीकरचा आणि निम्मा तो कुठे ठेवलाय त्याचा. तुम्ही आणि दोन स्पीकर मिळून समभुज त्रिकोण व्हायला हवा, म्हणजे दोघांत जेवढं अंतर तेवढंच प्रत्येकापासून तुमच्या डोक्याचं. ट्वीटर कानाच्या उंचीला. टेबलावर नुसते ठेवले तर ट्वीटर तुमच्या छातीशी येतो आणि आवाज टेबलावर आपटून कानाला येतो. थेट आलेला आणि आपटून आलेला यांत किंचित उशीर असतो, दोन्ही मिसळले की काही सूर वाढतात, काही मरतात, गळा डब्यातून आल्यासारखा होतो.
आपटतो कुठे ते शोधायला आरसा घ्या. टेबलावर तुम्ही आणि स्पीकर यांच्या मध्ये आडवा ठेवा, नेहमीसारखं बसा आणि सरकवत जा. जिथे आरशात ट्वीटर दिसेल नेमका तिथूनच आवाज आपटतोय. मी हे केलं तेव्हा ती जागा बरोबर कीबोर्डच्या पुढे निघाली. जुन्या मासिकांचे दोन गठ्ठे बांधले, स्पीकरखाली ठेवले, पुढून थोडे वर तिरपे केले. परत आरसा ठेवला तर ट्वीटर दिसेना. त्या संध्याकाळी ऐकताना गायिका श्वास घेते तो ऐकू आला, ओळ सुरू व्हायच्या आधीचा. मी बायकोला आतून हाक मारून बोलावलं, "हे ऐक" म्हणून.

पानगळ
आरसा! हे मला कधी सुचलं नसतं. आणि टेबल भिंतीला आहे त्याचं काय करू? हलवता येत नाही.

एकतारी
भिंतीजवळ खर्ज वाढतो, एका भिंतीने ६ डेसिबलपर्यंत, कोपऱ्यात त्याहून जास्त. मागे खर्जाची हवा बाहेर सोडणारं भोक असलेला स्पीकर घेऊ नका, पुढे भोक असलेला किंवा पूर्ण बंद डब्याचा बघा. बऱ्याच स्पीकरांना मागे खर्ज कमी करायचं बटण असतं, ते दोन-चार डेसिबल खाली घ्या. आणि निदान वीतभर तरी पुढे ओढा.

शिंपला
स्टुडिओ मॉनिटरच घ्या, म्हणजे रेकॉर्डिंग स्टुडिओत वापरतात ते स्पीकर. फ्लॅट आवाज, काही वाढवत नाहीत की कमी करत नाहीत. घरगुतीवाले उगाच गोड करून ऐकवतात.

मंद्रसप्तक
स्टुडिओ हा शब्द ऐकून लगेच चांगलं समजू नये. यामाहाचे पांढऱ्या कोनचे एनएस-१० घ्या, जगभरच्या स्टुडिओंत ते दिसायचे. १९७८ मध्ये ते घरातल्या शेल्फवर ठेवायचे म्हणून आले होते, पॉवर्डही नव्हते. स्टुडिओत गेले तर ट्वीटर इतका टोचायचा की इंजिनिअर त्याच्यावर टिश्यू पेपर चिकटवायचे. तरी वापरायचे, कारण रेकॉर्डिंगच्या मिश्रणातला दोष त्यांच्यावर लपत नसे. दोष शोधायचं काम वेगळं आणि आठ तास काम करत गाणं ऐकायचं वेगळं. पानगळताईंना दुसरं हवंय.

शिंपला
मी आठ वर्षं मॉनिटरवर रोज ऐकतोय, कान दुखले नाहीत. सगळे एनएस-१० नसतात. आणि तंबोरा ऐकायचा असेल तर न सजवलेला आवाजच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

पानगळ
तुमचं तंबोऱ्याचं वाक्य मनाला लागलं शिंपला :) विचार करते.

चांदणवेल
मी रात्री बाळ झोपल्यावर अगदी हळू लावते. तेव्हा सगळं पोकळ वाटतं, सकाळी तेच गाणं भरलेलं. स्पीकर बिघडलाय का?

एकतारी
नाही हो, कानच तसा आहे. हळू आवाजात कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये याचे आलेख काढून ठेवलेत. रात्रीपुरता खर्ज दोन घरं वाढवा आणि सकाळी परत खाली आणा. आणि स्पीकर अजून जवळ ओढा.

काजळमाया
एक तक्रार लिहूनच टाकते. नाव घेत नाही, पण माझ्या आधीच्या जोडीत वीज वाचवायला आपोआप झोपायची सोय होती आणि ती बंद करायचं बटणच नव्हतं. आलाप हळू झाला की स्पीकरला वाटायचं काही वाजत नाहीये, की टक् करून बंद. मग तान आली की जागे व्हायचे, तोवर अर्धी तान गेलेली. घेण्याआधी ते बटण आहे का विचारा.

तारयंत्र
तोवर एक करता आलं असतं, कॉम्प्युटरचा आवाज ८०-९० टक्क्यांवर आणि स्पीकरची खुंटी खाली. सिग्नल तगडा गेला की झोपत नाहीत, आणि वाटेत मिसळणारी खरखरही त्यामानाने कमी राहते. उलटं केलं, कॉम्प्युटर २० वर आणि खुंटी फुल, तर खरखरच मोठी होते. ट्वीटरला कान लावल्यावर येणारी बारीक सूंऽ मात्र स्पीकरची स्वतःची, तिला खुंटीने फारसा फरक पडत नाही.
मागे सिग्नलची पातळी निवडायचं +४ आणि -१० असं बटण असेल तर कॉम्प्युटरसाठी -१०. घरगुती यंत्रांची पातळी -१० डीबीव्ही, म्हणजे साधारण ०.३२ व्होल्ट, स्टुडिओची +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट.

पानगळ
मंडळी, घेतले! ५ इंची, पुढे भोक, दोन्ही स्वतंत्र वीजवाले, शिंपलांचं ऐकलं. झोपायची सोय बंद करायचं बटण आहे. मासिकांचे गठ्ठे तयार ठेवले होते.
पण रडायला येतंय. गाणं लावलं तर गायकच नाही! वाद्यं येतायत, लांबून, घुमल्यासारखी, गळा जवळजवळ गायब. पाच-सहा गाणी बघितली, सगळ्यांत तेच. बदलून आणू का?

खटपट्या
थांबा, काही बदलू नका. कुठल्या वायरी लावल्या ते सांगा, दोन्ही टोकं.

पानगळ
हिरव्या भोकात हेडफोनचा एकाचे दोन करणारा जोड लावला. त्यातून दोन वायरी, एका टोकाला ३.५ मिलिमीटरचा जॅक, दुसऱ्या टोकाला तो जाडा ६.३५ चा. एकेक स्पीकरला एकेक. दोन्ही जॅकवर दोन-दोन काळ्या रेघा आहेत.

खटपट्या
सापडलं! स्पीकर ठणठणीत आहेत. त्या दोन रेघांतच सगळं आहे.
दोन रेघांचा जॅक म्हणजे तीन भाग, टोक, कडं आणि बुंधा. कॉम्प्युटरच्या बाजूला टोकावर डावा आवाज, कड्यावर उजवा, बुंधा ग्राउंड. पण तुमच्या स्पीकरचं ६.३५ चं भोक बॅलन्स्ड आहे. त्याला वाटतं की टोकावर आणि कड्यावर एकच सिग्नल आहे, फक्त कड्यावरचा उलटा केलेला. म्हणून तो टोकातून कडं वजा करतो. स्टुडिओत यामुळे लांब वायरीत शिरलेली घूं, जी दोन्ही तारांवर सारखीच असते, ती वजा होऊन जाते. तुमच्याकडे मात्र डाव्यातून उजवा वजा होतोय, आणि गायकाचा गळा रेकॉर्डिंगमध्ये मधोमध, म्हणजे दोन्हीकडे अगदी सारखा असतो. शून्य झाला. उरलं काय, बाजूची वाद्यं आणि घुमारा. आणि दोन्ही स्पीकरना हेच मिळतंय, स्टिरिओ पण गेला.
वायर बदला. एका बाजूला ३.५ चा स्टिरिओ जॅक, तिथून दोन फाटे, प्रत्येक फाट्याला एकच रेघ असलेला मोनो ६.३५. मधला जोड काढून टाका.

तारयंत्र
बरोब्बर. घाबरू नका, काही जळलेलं नाही. जॅक अर्धाच खोचला आणि बुंधा टेकला नाही तरी असाच गळा जातो, हेही लक्षात ठेवा.
आणि वायर काढताना-लावताना स्पीकर बंद. चालू करताना कॉम्प्युटर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना स्पीकर आधी. नाहीतर धप्प आवाज येतो तो ट्वीटरच्या जिवावर बेतू शकतो.

भिंगरी
मध्येच सांगते, वायर लावली. लेकाने एक पट्टी दाबली आणि माझ्याकडे बघून नुसता हसला. खटपट्या, मंद्रसप्तक, खूप आभार.

पानगळ
आली वायर, एकच रेघ आहे बघून घेतली. लावली. गायक आला!! अगदी मधोमध, मॉनिटरच्या मागे बसल्यासारखा. मग तोच ख्याल लावला आणि काम बाजूला ठेवून पूर्ण ऐकला. तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या ऐकू येतात, खर्जाची तार छेडली की मागून हळूहळू वरचे सूर उमलत जातात, ते सगळं आहे त्यात. घूं नाही, एकाच बोर्डात लावलंय. आरसाही ठेवून बघितला, मासिकांचा आणखी एक थर लागला.
खटपट्या, तुम्ही नसतात तर मी उद्या परत करून आले असते.

शिंपला
वा! फार आनंद झाला.

चांदणवेल
वाखुसा (वाचनखूण साठवली). माझी जोडी पहिल्या जातीची आहे, अ‍ॅम्प्लिफायर उजव्या डब्यात, पण विजेचा प्लग टेबलाच्या डाव्या बाजूला आणि वायर पोचत नाही. डबे उलटे ठेवले तर चालतील का?

एकतारी
चालतील, मागचे लाल आणि पांढरे आरसीए प्लग आपसांत बदला, झालं. दोन डब्यांमधल्या तारेला हात लावू नका, तिथे लाल लालला आणि काळी काळीलाच. ती उलटी झाली तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो आणि खर्ज पातळ होतो.

चांदणवेल
बदलले. आता बासरी डावीकडून येतेय, हेडफोनवर येते तशीच.